सागर, डोंगर आणि ऋण : मल्याळम व मराठी चित्रपटांतील प्रदेश

१

मराठी समीक्षेत ‘प्रादेशिक’ ही संज्ञा प्रथम कादंबरीच्या संदर्भात रुळली. र. वा. दिघे, श्री. ना. पेंडसे, गो. नी. दांडेकर, व्यंकटेश माडगूळकर ह्यांच्या लेखनाची चर्चा करताना प्रदेशाची तीन लक्षणे प्रामुख्याने मानली गेली : निसर्ग, बोली आणि लोकाचार. पुढे चित्रपटाचा विचार करताना हीच लक्षणे फारशी न तपासता उचलली गेली. कादंबरीत ही तीन लक्षणे शब्दांतून कष्टाने उभी करावी लागतात. चित्रपटात ती जवळजवळ आयती मिळतात. कॅमेरा डोंगराकडे वळवला की निसर्ग आला, नटाने हेल काढला की बोली आली, जत्रेचा किंवा लग्नाचा प्रसंग घातला की लोकाचार आला. त्यामुळे कोणताही चित्रपट अल्पायासाने प्रादेशिक म्हणवून घेऊ शकतो आणि ह्या विशेषणाला मूल्यवाचक अर्थ उरत नाही.

मल्याळम चित्रपटाविषयी मराठी रसिकांच्या मनात गेल्या काही दशकांत जो आदर निर्माण झाला आहे, त्याची कारणमीमांसाही ह्याच संज्ञांत केली जाते. तो चित्रपट मातीशी इमान राखतो, असे म्हटले जाते. विधान खोटे नाही, परंतु त्यातून काहीच उलगडत नाही. माती मराठी चित्रपटातही आहे, आणि ती काही कमी सुंदर नाही. मग फरक कोठे पडतो?

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, वरील तीन लक्षणांच्या मुळाशी असणारे चौथे लक्षण आपल्या विचारातून निसटले आहे. त्याला येथे ‘ऋण’ म्हटले आहे. सावकाराचे कर्ज एवढाच त्याचा अर्थ नव्हे. जमिनीवर, होडीवर, जाळ्यावर हक्क कोणाचा. कूळ कोणाचे देणे लागते. घरातील स्त्रीच्या श्रमाची मोजदाद कोण करतो. समूह व्यक्तीवर आणि व्यक्ती समूहावर कोणता हक्क सांगते, ह्या सर्व देण्याघेण्याच्या व्यवस्थेचा निर्देश त्या शब्दाने होतो. प्रदेश म्हणजे विशिष्ट भूमीवर घडलेली देण्याघेण्याची विशिष्ट व्यवस्था. निसर्ग, बोली आणि लोकाचार तिची दृश्य व श्राव्य रूपे होत. मल्याळम चित्रपटाने ही व्यवस्था सातत्याने पडद्यावर आणली. मराठी चित्रपटाने ती आरंभीच ओळखली होती, पण मधल्या काळात तो तिला विसरला, असे त्याच्या इतिहासावरून दिसते.

ह्या तुलनेला स्थळाचा एक संदर्भ आहे. नवी मुंबईत वाशीच्या रेल्वे स्थानकाजवळ केरळ हाऊस उभे आहे, आणि येथून फार दूर नाही अशा पनवेल तालुक्यात कर्नाळ्याचा सुळका आहे. त्या सुळक्याच्या पायथ्याशी वावरणाऱ्या ठाकरांवर मराठीत एक कादंबरी आणि तीवर एक चित्रपट निर्माण झाला. मल्याळम आणि मराठी समूहजीवन जेथे एकाच इमारतीच्या जिन्यात भेटते, अशा शहरात हा प्रश्न केवळ सैद्धान्तिक राहत नाही.

२

आरंभ १९५४ ह्या वर्षापासून करता येईल. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांचे ते पहिले वर्ष. १९५३ सालच्या चित्रपटांतून राष्ट्रपतींचे सुवर्णपदक आचार्य अत्रे ह्यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाले. पुढील वर्षीच्या पुरस्कारांत मराठी चित्रपटासाठीचे रौप्यपदक अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला, तर मल्याळम चित्रपटासाठीचे रौप्यपदक ‘नीलक्कुयिल’ला लाभले. दोन भाषांतील हे दोन समकालीन चित्रपट जातिव्यवस्थेचा प्रश्न हाताळतात, हा योगायोग बोलका आहे. त्यांतील मार्गांचा भेद त्याहून बोलका आहे.

‘महात्मा फुले’ हे चरित्र आहे. अन्याय भूतकाळात आहे, त्याच्याशी झुंजणारा पुरुष असामान्य आहे आणि प्रेक्षक त्याच्या मोठेपणापुढे नतमस्तक होण्यासाठी बसलेला आहे. पी. भास्करन आणि रामू कार्याट ह्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘नीलक्कुयिल’ची कथा उरूब ह्या मल्याळम कथाकाराची. तीत नीली ही अस्पृश्य गणलेल्या जातीतील तरुणी आणि श्रीधरन नायर हा शाळामास्तर ह्यांचे प्रेम आहे. मास्तर जातीच्या भयाने तिला नाकारतो, ती मूल जन्माला घालून मरते, आणि ते मूल गावचा पोस्टमन वाढवतो. येथे असामान्य कोणीच नाही. शाळामास्तर आणि पोस्टमन ही आधुनिक राज्यव्यवस्थेने खेड्यात आणून ठेवलेली दोन सामान्य माणसे आहेत. चित्रपटाचा प्रश्नही साधा आहे : ह्या मुलाचे देणे कोण लागतो? बापाला ते अखेर मान्य करावे लागते. के. राघवन ह्यांनी लोकगीतांच्या वळणावर बांधलेल्या चाली ह्या कथेला सजवीत नाहीत; त्या तिच्या जगाच्या आवाजासारख्या ऐकू येतात.

‘श्यामची आई’चे उदाहरण ह्याच अंगाने पाहण्यासारखे आहे. साने गुरुजींच्या पुस्तकात आईच्या संस्कारांइतकेच ठळक दुसरे एक सूत्र आहे : खोती घराण्याची उतरती कळा, वाढत जाणारे कर्ज, जप्ती, दारात येऊन अपमान करणारा सावकाराचा माणूस. कोकणातील एका कुटुंबाची आर्थिक पडझड त्यात तपशिलाने आली आहे. चित्रपटातही हे प्रसंग आहेत. परंतु मराठी मनाने चित्रपट स्मरणात ठेवला तो आईच्या वात्सल्याचा म्हणून. कर्ज हे त्या वात्सल्याची कसोटी पाहणारे निमित्त ठरले. दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही. ऋणाचे रूपांतर सद्गुणात करण्याची ही रीत प्रेक्षक आणि समीक्षक ह्यांच्यातही खोलवर रुजलेली होती.

३

तकळी शिवशंकर पिळ्ळै ह्यांची ‘चेम्मीन’ ही कादंबरी १९५६ सालची. तिला पुढच्याच वर्षी साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. रामू कार्याट ह्यांनी तीवरून केलेला चित्रपट १९६५ साली आला आणि राष्ट्रपतींचे सुवर्णपदक मिळवणारा दक्षिण भारतातील तो पहिला चित्रपट ठरला. गो. नी. दांडेकरांच्या ‘जैत रे जैत’वरून डॉ. जब्बार पटेल ह्यांनी केलेला चित्रपट १९७७ सालचा. त्यालाही मराठीतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला. ह्या दोन कृती शेजारी ठेवल्या की त्यांतील साम्य चकित करते. दोहोंत निसर्गदेवतेशी बांधलेला समूह आहे : तेथे कडलम्मा ही सागरमाता, येथे लिंगोबाचा डोंगर. दोहोंत पावित्र्याची एक अट आहे : तेथे कोळ्याच्या बायकोने पातिव्रत्य पाळले तरच तो समुद्रावरून सुखरूप परततो, येथे भगताचा मुलगा नाग्या पुण्यवंत होण्याची आस धरतो. दोहोंत त्या अटीला तडा जातो आणि दोहोंत स्त्रीचा बळी पडतो.

साम्य येथे संपते. ‘चेम्मीन’मधील शोकांतिकेला चालना मिळते ती एका व्यवहाराने. चेम्बनकुंजूला स्वतःची होडी आणि जाळे हवे आहे. कादंबरीत तर असे मालकीहक्क समूहातील विशिष्ट गटापुरतेच राखलेले आहेत, आणि त्याची आकांक्षा ही मुळातच रूढीचा भंग आहे. तो परीक्कुट्टी ह्या मुसलमान व्यापाऱ्याकडून पैसा घेतो आणि बदल्यात मासळी देण्याचे वचन देतो. होडी पाण्यात उतरल्यावर वचन मोडतो. परीक्कुट्टीने हा पैसा दिला आहे तो चेम्बनकुंजूची मुलगी करुत्तम्मा हिच्यावरील प्रेमापोटी, आणि तिला त्याची जाणीव आहे. बापाचे कर्ज फिटले तरच आपण त्या माणसापासून मनाने मोकळ्या होऊ, ही तिची तळमळ आहे. कर्ज फिटत नाही आणि प्रेमही संपत नाही. पुढे पळनी ह्या मच्छीमाराशी तिचे लग्न होते. तरीही जुने देणे किनाऱ्यावर थांबूनच राहते. धर्म, जात, पैसा आणि शृंगार हे चार धागे येथे इतके एकमेकांत गुंतले आहेत की एक ओढला की बाकीचे तीन ताणले जातात. ह्यालाच प्रदेश म्हणावयाचे.

कडलम्माचा समज हा लोकाचार होय, परंतु तो शोभेसाठी आलेला नाही. समुद्रावरील धोका हा त्या धंद्याचा मूलभूत धोका आहे. समूह त्या धोक्याचा हिशेब कोणाच्या नावे मांडतो? घरी राहिलेल्या स्त्रीच्या नावे. मिथक ही येथे समूहाची खतावणी होते. तकळी स्वतः मच्छीमार समाजातील नव्हते, कुट्टनाडच्या शेतीप्रदेशातील नायर कुटुंबातील होते. त्यामुळे त्यांनी ह्या समजाला दिलेले केंद्रस्थान बाहेरून पाहणाऱ्याचे आहे काय, ही शंका रास्त आहे. तरीही मिथक आणि मालकी ह्यांचा संबंध त्यांना दिसला, हे मान्य करावे लागते.

‘जैत रे जैत’ ही मराठी चित्रपटातील अत्यंत श्रेष्ठ कृतींपैकी एक आहे, हे प्रथम स्पष्ट करावयास हवे. ना. धों. महानोर ह्यांची गीते, हृदयनाथ मंगेशकर ह्यांचे संगीत, गाण्यांतूनच कथन पुढे नेणारी रचना, स्मिता पाटील ह्यांची स्वतंत्र वृत्तीची चिंधी आणि मोहन आगाशे ह्यांचा नाग्या ह्यांनी मराठी पडद्याला अपूर्व असे काही दिले. राणी माशीच्या दंशाने नाग्याचा डोळा जातो आणि तो डोंगरावरील पोळ्यांचा सूड घेण्यास निघतो. पाप-पुण्याच्या कल्पनेशी माणसाने मांडलेला हा झगडा आदिम आणि भव्य आहे. परंतु त्याची भव्यता ज्या किमतीवर उभी आहे, ती किंमतही सांगितली पाहिजे. ठाकरांचे हे जग मुख्यतः स्वतःतच पूर्ण आहे. मध कोणाला विकला जातो, जंगल कोणाचे, वाडीखालची जमीन कोणाच्या नावे, हे प्रश्न कथेचे चालक होत नाहीत. चित्रपट आला त्या सुमारास कर्नाळ्याचे जंगल पक्षी अभयारण्य होऊन काही वर्षे लोटली होती, मुंबई–गोवा महामार्ग पायथ्याशीच होता आणि पनवेल तालुक्यात नव्या शहरासाठी भूसंपादन सुरू झाले होते. कलाकृतीने हे सर्व दाखवावे असा आग्रह धरणे गैर होईल. एवढेच म्हणता येते की, दांडेकर आणि पटेल ह्यांनी डोंगराला काळाच्या बाहेर नेले, तर तकळी आणि कार्याट ह्यांनी समुद्राला बाजारात आणले.

४

हा भेद व्यक्तिगत प्रतिभेचा नसून संस्थांच्या इतिहासाचा आहे. ‘चेम्मीन’चे संगीत सलील चौधरी ह्यांचे, संकलन हृषीकेश मुखर्जी ह्यांचे आणि छायालेखन मार्कस बार्टली ह्यांचे. म्हणजे सर्वांत प्रादेशिक मानल्या गेलेल्या ह्या चित्रपटातील कितीतरी हात केरळाबाहेरचे होते. मल्याळम चित्रनिर्मितीचे मोठे केंद्रही दीर्घकाळ मद्रास हेच होते. तेव्हा कलावंताचा जन्म आणि चित्रपटाचा प्रदेश ह्यांचे समीकरण मांडणे व्यर्थ आहे. निर्णायक ठरला तो लेखक आणि वाचक ह्यांचा पाया. १९४५ साली पी. एन. पणिक्कर ह्यांच्या पुढाकाराने संघटित झालेल्या ग्रंथालय चळवळीने खेडोपाडी वाचनालये नेली. त्याच वर्षी लेखकांनी स्वतःची सहकारी प्रकाशनसंस्था उभी केली. कथा-कादंबरी ही तेथे केवळ शहरी मध्यमवर्गाची मिरास राहिली नाही. उरूब, तकळी, बशीर, एम. टी. वासुदेवन नायर हे लेखक पडद्यावर आले तेव्हा त्यांचा प्रेक्षक बऱ्याच अंशी त्यांचा वाचकही होता. एम. टी. ह्यांच्या कथेवरून पी. एन. मेनन ह्यांनी केलेला ‘ओळवुम तीरवुम’ (१९७०) स्टुडिओ सोडून प्रत्यक्ष स्थळी चित्रित झाला, एम. टी. स्वतः दिग्दर्शक झाले ते ‘निर्माल्यम्’ (१९७३) ह्या चित्रपटाने.

‘निर्माल्यम्’ हा येथे मांडलेल्या प्रतिपादनाचा आदर्श नमुना होय. देवीचा संचार अंगात आणणारा वेळिच्चप्पाडु हा त्याचा नायक. मंदिराचे उत्पन्न आटले आहे आणि देवीच्या सेवेत पोट भरत नाही. मुलगा पवित्र खड्ग मोडीत विकू पाहतो. सावकाराचे देणे पत्नी कशाने भागवते आहे, हे नायकाला अखेरीस कळते. शेवटी त्याच्या अंगात येते तेव्हा तो संचार भक्तीचा की क्रोधाचा, हे ठरवता येत नाही. लोकाचाराचे इतके तपशीलवार चित्रण क्वचितच झाले असेल, आणि तरीही चित्रपटाचा विषय लोकाचार नाही. लोकाचाराखालची जमीन सरकणे हा आहे.

मराठी वाचकाला अंतर्मुख करणारा इतिहासाचा एक विरोधाभास येथे नोंदवला पाहिजे. मल्याळम चित्रपटाच्या नव्या प्रवाहाचे काही प्रमुख दिग्दर्शक घडले ते पुण्यात. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन होऊन १९३३ साली पुण्यास आलेल्या ‘प्रभात’ची वास्तू १९६० साली चित्रपट प्रशिक्षण संस्थेला मिळाली. अडूर गोपालकृष्णन, जॉन अब्राहम, के. जी. जॉर्ज, शाजी करुण हे त्याच संस्थेत शिकले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात उभे करणारे पी. के. नायर हेही मूळचे केरळचे. अडूर ह्यांनी परत जाऊन १९६५ साली तिरुवनंतपुरम येथे ‘चित्रलेखा’ ही फिल्म सोसायटी स्थापन केली. जॉन अब्राहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गावोगाव लोकांकडून वर्गणी गोळा करून ‘अम्मा अरियान’ (१९८६) निर्माण केला. ‘प्रभात’च्या भूमीत पेरलेले बीज केरळात उगवले.

महाराष्ट्रातही ‘प्रभात चित्र मंडळा’सारखी संस्था १९६८ पासून निष्ठेने काम करीत आली. परंतु गंभीर मराठी चित्रपटाला माणसे मिळाली ती मुख्यतः रंगभूमीवरून. ‘शांतता! कोर्ट चालू आहे’, ‘सामना’, ‘जैत रे जैत’, ‘सिंहासन’ ह्या चित्रपटांमागील लेखक, दिग्दर्शक, नट बव्हंशी प्रायोगिक नाटकांतील होते. त्याने संवाद आणि अभिनय समृद्ध झाला. उरलेला मोठा प्रवाह तमाशापटांचा होता. ‘लोकशाहीर रामजोशी’ (१९४७) आणि ‘सांगत्ये ऐका’ (१९५९) ह्यांच्या लोकप्रियतेनंतर मराठी पडद्यावरील खेडे ठरीव झाले : पाटील, वाडा, फड, पार. त्या खेड्याला जिल्हा नव्हता. त्याची बोली साधारणतः कोल्हापुरी वळणाची, पण तेथे कोणते पीक येते आणि पाणी कोणाच्या मालकीचे, हे सांगता येत नसे. शेजारी, त्याच मुंबईत, हिंदी चित्रपटाची बाजारपेठ होती. शहर तिने व्यापले आणि मराठीकडे ‘ग्रामीण’ ही सोयीची वाटणी आली.

वस्तुतः प्रारंभ असा नव्हता. बाबूराव पेंटर ह्यांचा ‘सावकारी पाश’ हा मूकपट १९२५ सालचा, नारायण हरी आपटे ह्यांच्या कथेवरचा. सावकाराच्या कपटाने जमीन गमावलेला शेतकरी शहरात गिरणीकामगार होतो, हे त्याचे कथासूत्र. मल्याळममधील पहिला मूकपटही तेव्हा जन्मास यावयाचा होता. म्हणजे ऋणाचे भान मराठीने केरळाकडून उसने घेण्याची गरज नाही. ते तिचे स्वतःचेच, गहाण पडलेले धन आहे.

५

तथापि मल्याळम चित्रपटाचे आदर्शीकरण करणे हा दुसरा भाबडेपणा ठरेल. त्या चित्रपटाच्या पायातच एक न फिटलेले देणे आहे. जे. सी. डॅनियल ह्यांच्या ‘विगतकुमारन’ ह्या पहिल्या मूकपटात (१९३०च्या सुमारास) पी. के. रोझी ह्या दलित स्त्रीने नायर तरुणीची भूमिका केली. उच्चवर्णीय प्रेक्षकांना ते सहन झाले नाही; रोझीला प्रांत सोडून जावे लागले आणि ती पुन्हा पडद्यावर दिसली नाही. पुढे कित्येक दशके ह्या चित्रपटात ‘केरळीय जीवन’ म्हणून जे आले, ते मोठ्या प्रमाणावर नायर तरवाडाचे, म्हणजे मातृवंशीय जमीनदार घराण्याच्या वाड्याचे जीवन होते.

अडूर ह्यांचा ‘एलिप्पत्तायम्’ (१९८१) ह्या वाड्याचे सर्वांत कठोर चित्रण करतो. १ जानेवारी १९७० पासून केरळात कूळपद्धती संपुष्टात आली. खंडाचे उत्पन्न गेले, पण मालकपणाची सवय गेली नाही, अशा उण्णीची ही कथा आहे. थोरली विवाहित बहीण वाटणी मागते, मधली बहीण राजम्मा त्याच्या सेवेत झिजत मरणपंथाला लागते. येथे ऋणाचा शोध घरातील स्त्रीच्या श्रमापर्यंत पोहोचतो. अलीकडील ‘द ग्रेट इंडियन किचन’ (२०२१) हा चित्रपट ह्याच सूत्राचा पुढचा टप्पा मानता येईल. परंतु ‘एलिप्पत्तायम्’मध्ये कॅमेरा वाड्याच्या आतच राहतो, ज्या कुळांना जमीन मिळाली, त्यांचे घर तो पाहत नाही. हिशेब चोख आहे, पण तो धनकोच्या वहीतून वाचलेला आहे.

आखाती स्थलांतरावरील चित्रपटांतही हा दृष्टिकोनाचा प्रश्न उद्‌भवतो. ‘वरवेल्पु’ (१९८९) ह्या चित्रपटाचा नायक आखातातील कमाईतून बस विकत घेतो आणि नातेवाईक, नोकरशाही व कामगार संघटना मिळून त्याला देशोधडीला लावतात. आखातातून येणारा पैसा आणि गावाची त्यावरील मालकीची भावना ह्यांचे दर्शन त्यात मार्मिक आहे. परंतु बसवरच्या कामगाराची बाजू तेथे विनोदाच्या आणि त्राग्याच्या पलीकडे जात नाही. तात्पर्य, ऋण दाखवणे पुरेसे नाही. ते कोणाच्या बाजूने वाचले जाते, हा पुढील आणि अधिक अवघड प्रश्न आहे.

६

ह्या दुसऱ्या प्रश्नाला समर्थ उत्तर गेल्या काही वर्षांत मराठीने दिले, हे आवर्जून सांगितले पाहिजे. ‘सामना’ने सहकारी साखर कारखान्याभोवतीची सत्ता आणि मारुती कांबळे ह्या माणसाचे नाहीसे होणे ह्यांचा सांधा जुळवला होता, तरी त्यातील कांबळे पडद्यावर मुख्यतः एक प्रश्न म्हणूनच वावरतो. नागराज मंजुळे ह्यांच्या ‘फँड्री’त (२०१३) तो प्रश्नच नायक होतो. मंजुळे आधी कवी होते, हे येथे लक्षात घ्यावे. लेखक आणि पडदा ह्यांचा मल्याळममध्ये दिसलेला दुवा येथे पुन्हा जोडला गेला. जब्याचा बाप कचरू कैकाडी आहे. मुलीच्या लग्नासाठी त्याला पैसा हवा आहे आणि तो पैसा गावाच्या डुकरांमागे धावूनच मिळणार आहे. गाव त्याला काम देते आणि त्याच कामाने त्याची जात सर्वांसमक्ष पुन्हा सिद्ध करते. बोली, निसर्ग, जत्रा सर्व काही ह्या चित्रपटात आहे, परंतु प्रत्येक गोष्टीची किंमत जब्याच्या घराने मोजलेली आहे. अखेरचा भिरकावलेला दगड प्रेक्षकाच्या दिशेने येतो, कारण देणेकरी कोण हे आता स्पष्ट झालेले असते.

‘फँड्री’त जब्याच्या आईची भूमिका करणाऱ्या छाया कदम ह्या पायल कपाडिया ह्यांच्या ‘ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट’ (२०२४) ह्या चित्रपटात पार्वती म्हणून येतात. कान महोत्सवात ग्रां प्री हा सन्मान मिळवणाऱ्या ह्या चित्रपटाची प्रमुख भाषा मल्याळम आहे. त्या महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत त्यापूर्वी गेलेला भारतीय चित्रपट, शाजी करुण ह्यांचा ‘स्वहम्’ (१९९४), हाही मल्याळमच होता. कपाडिया मुंबईच्या, पुण्याच्या संस्थेत शिकलेल्या. मल्याळम ही त्यांची मातृभाषा नव्हे. तरीही प्रभा आणि अनू ह्या मुंबईतील मल्याळी परिचारिकांचे जग त्यांनी उभे केले. प्रभाचा नवरा जर्मनीत आहे. त्याच्याकडून पत्र येत नाही, एक दिवस भात शिजवण्याचे यंत्र येते. आखाताच्या कथांतून परिचित झालेले पैशाचे आणि विरहाचे गणित येथे एका वस्तूत गोठले आहे.

आपल्या दृष्टीने महत्त्वाची आहे ती पार्वती. रुग्णालयात स्वयंपाक करणारी ही मराठी विधवा गिरणीकामगाराची पत्नी आहे. ज्या खोलीत तिने संसार केला, त्या खोलीचे कागद तिच्याजवळ नाहीत. बिल्डरच्या लेखी ती अस्तित्वातच नाही. ती आणि प्रभा बिल्डरच्या जाहिरातफलकावर दगड मारतात, आणि ‘फँड्री’तील दगडाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. अखेर पार्वती रत्नागिरीकडील आपल्या गावी परतते आणि दोघी मल्याळी मैत्रिणी तिच्याबरोबर जातात. ‘सावकारी पाश’मधील शेतकरी १९२५ साली गावातून गिरणीत गेला होता, ९९ वर्षांनी गिरणीकामगाराची विधवा शहरातून गावी परत येते, आणि ही परतीची वाट आपल्याला मल्याळम चित्रपटात पाहावी लागते. कोकणच्या त्या किनाऱ्यावर तीन स्त्रियांपैकी कोणीही कोणाच्या रक्ताची नाही. प्रदेश हा जन्माने मिळत नाही, एकमेकांचे देणे मान्य करण्यातून तो घडतो, असे म्हणण्यास हा शेवट आधार देतो.

७

आता नवी मुंबईकडे वळून हे विवेचन संपवू. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तत्कालीन कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर आखले गेले. त्या भातशेतीवर, मिठागरांवर आणि खाड्यांवर आगरी, कोळी आणि इतर समाज जगत होते. ऋणाविरुद्ध उभे राहण्याचा त्यांचा इतिहास जुना आहे : कुलाबा जिल्ह्यातच १९३०च्या दशकात चरीच्या कुळांनी खोतांविरुद्ध अनेक वर्षे संप चालवला होता. जानेवारी १९८४मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील आंदोलनात पाच जण पोलिसांच्या गोळीबाराला बळी पडले. विकसित जमिनीत साडेबारा टक्के वाटा देण्याचे धोरण ह्या लढ्यातून आले. होडी, जाळे, जमीन, वचन, वचनभंग ही ‘चेम्मीन’ची सर्व द्रव्ये येथे आहेत. परंतु लोकप्रिय पडद्यावर कोळी आणि आगरी येतात ते बहुतांशी गाण्यांतून, हळदीच्या नाचातून आणि बोलीच्या विनोदातून. निसर्ग, बोली, लोकाचार ही तिन्ही लक्षणे पूर्ण झाली, आणि प्रदेश मात्र आला नाही.

येथील वर्गात प्रादेशिक कादंबरी शिकवताना ह्याचे प्रत्यंतर येते. मुलांना आपल्या गावाविषयी लिहावयास सांगितले की ती खाडी, पालखी आणि नारळी पौर्णिमा ह्यांविषयी उत्साहाने लिहितात. आजोबांच्या शेताचा मोबदला कसा आला आणि कसा संपला, हे त्यांना घरात ऐकून ठाऊक असते; परंतु ते साहित्याचा विषय होऊ शकते, असे त्यांना वाटत नाही. हे त्यांचे अज्ञान नव्हे. ‘प्रादेशिक’ ह्या संज्ञेची जी व्याख्या आपण त्यांच्या हाती दिली, तिचे ते फळ आहे. त्याच बाकावर बसणाऱ्या मल्याळी विद्यार्थ्याच्या घरीही अशाच कहाण्या असतात : नोकरीसाठी सुटलेले गाव, आखातात गेलेला मामा, गावाकडे अर्धवट बांधून राहिलेले घर. त्याच्या भाषेतील चित्रपटाने त्या कहाण्यांना प्रतिष्ठा दिली आहे.

मराठी समीक्षेने मल्याळम चित्रपटाचे कौतुक जरूर करावे. परंतु त्या कौतुकाचा उपयोग स्वतःची संज्ञा दुरुस्त करण्यासाठी व्हावा. कर्नाळ्याचा सुळका आजही जेथल्या तेथे आहे. त्याच्या पायथ्याच्या वाड्यांचे, खाडीकाठच्या गावठाणांचे आणि त्यांवर उभ्या राहिलेल्या इमारतींतील भाडेकरूंचे परस्परांशी कोणते देणेघेणे आहे, हे सांगणारी कादंबरी आधी लिहिली जावी लागेल. ती वाचण्यास आपण तयार आहोत काय, हा प्रश्न लेखकांइतकाच आपणा समीक्षकांनाही उद्देशून आहे.